दोनशे बारा नंबरचं व्हर्जन

तीन बहिणींत शेवटची म्हणून घरात तिला बारकी म्हणत. आता ती एकोणचाळीस वर्षांची होती, तिघींत सर्वांत उंच होती आणि अकरा माणसांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची मुख्य होती. तरी बारकी ती बारकीच. ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांसाठी टॅब्लेटवर चालणारं एक ॲप ही कंपनी बनवायची. पडद्यावर चित्रं आणि शब्द असत. बोट ठेवलं की टॅब्लेट ते वाक्य बोलून दाखवी. कुणी पाणी मागे, कुणी सुनेला रागावे, एक आजोबा तर दिवसभर फक्त "टीव्ही बंद करा" एवढंच दाबत बसत.

एका मंगळवारी सकाळी किरकोळ दुरुस्ती सर्व्हरवर चढवायला घेतली, ती चढेना. लाल अक्षरांत निरोप आला: व्हर्जनची मर्यादा संपली. ॲप ज्या क्लाउड सेवेवर ठेवलं होतं, तिथे प्रत्येक बदलाबरोबर एक नवं व्हर्जन तयार होई आणि जुनं आपल्या जागी पडून राही. पाच वर्षांत अशी हजार साठली होती, आणि हजाराच्या वर एकही ठेवायची सोय नव्हती.

"जुनी आपोआप काढून टाकायचं सेटिंग असतं," बारकी म्हणाली. "लाइफसायकल. आपण ते कधी लावलंच नाही."

तिने ते पान उघडलं. प्रश्न तीनच होते. व्हर्जनं संख्येच्या हिशेबाने ठेवायची की दिवसांच्या? तिने संख्या निवडली. किती? शेवटची शंभर. तिसरा प्रश्न खाली होता: व्हर्जन काढताना त्याची मूळ झिपही, म्हणजे सगळ्या फाइलींची एकत्र बांधलेली गठडीही, पुसायची, की साठवणीत राहू द्यायची? सेवेने आपणहून "राहू द्या" यावर खूण करून ठेवली होती.

शेजारच्या टेबलावर अण्णा बसत. वय अठ्ठावन्न. अकरा वर्षांपूर्वी बारकी नोकरीला लागली तेव्हा पहिली ओळ लिहायला त्यांनीच शिकवली होती. कंपनी वाढली, पद्धती बदलल्या, ती पुढे गेली आणि अण्णा होते तिथेच राहिले. त्याबद्दल त्यांनी कधी ब्र काढला नव्हता.

खुर्ची मागे सरकवून त्यांनी तिच्या पडद्याकडे पाहिलं.

"झिप राहू दे गं," ते म्हणाले. "जुन्यांत काही मी हाताने बांधलेल्या आहेत. एकदोन ठिकाणी काय काय घातलंय, ते दुसरीकडे कुठे नाही."

तेव्हा तिला विचारता आलं असतं: कोणत्या झिपमध्ये? काय घातलंय? दहा मिनिटांचं काम होतं. पण समोर चार जणं काम थांबवून उभी होती, आणि आदल्याच आठवड्यात मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंनी, "आपला कारभार फार पसरट आहे" असं सुनावलं होतं.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, "तुमच्या घरी तुटक्या छत्र्यासुद्धा जपून ठेवलेल्या असतील ना?"

सगळे हसले. अण्णाही हसले, मागाहून, थोडंसं. "आहेत दोन," म्हणाले आणि खुर्ची पुढे सरकवली.

बारकीने "पुसून टाका"वर टिक केली आणि सेव्ह दाबलं. दुपारपर्यंत हजाराची शंभर झाली. फक्त ॲप वापरणाऱ्या एखाद्या उपचार केंद्रावर अजून चालू असलेली जुनी व्हर्जनं तेवढी राहिली; वापरात असलेल्याला ते सेटिंग हात लावत नाही. तिने ग्रुपवर लिहिलं, "घर झाडून घेतलं!" पुढे झाडूचं चित्र. नऊ अंगठे आले. अण्णांचा आला नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते सोडून दिलं.

महिन्याभराने तिने दुसरं काम हातात घेतलं. निरनिराळी केंद्रं निरनिराळ्या व्हर्जनवर चालत होती. ती सगळी एकाच नव्या व्हर्जनवर आणायची. एका वाचा-उपचार केंद्रावर तीन वर्षं दोनशे बारा नंबरचं व्हर्जन चालू होतं. शुक्रवारी तिने तिथे नवं चढवलं. चढलं, हिरवा दिवा लागला. सोमवारी आणखी एक दुरुस्ती गेली, तिच्याबरोबर सेटिंगने आपलं काम केलं, आणि आता कुठेच वापरात नसलेलं दोनशे बारा झिपसकट निघून गेलं.

सोमवारीच दुपारी केंद्रातल्या थेरपिस्ट बाईंचा फोन आला.

"अहो, आमच्या पोहण्याच्या सरांचा आवाज गेला."

"आवाज वाढवून बघितलात का?"

"तसा नाही. टॅब्लेट बोलतोय, पण मशीनच्या आवाजात. त्यांचा स्वतःचा आवाज होता त्यात. तुमच्या अण्णांनी घातला होता."

 बारकीने फोन तसाच कानाशी धरून व्हर्जनची यादी उघडली. एकाच बटणात मागे जाता येतं, हे ती नव्या माणसांना अभिमानाने दाखवत असे. यादीत दोनशे बारा नव्हतं. साठवण उघडली, तिथेही नव्हतं. कंपनीच्या कोडच्या भांडारात दोनशे अकरा होतं, दोनशे तेरा होतं.

"बघते हं," ती म्हणाली. "कळवते."

मग तिने अण्णांना विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवून, जणू सहज आठवण झाली म्हणून.

अण्णांनी सांगितलं ते असं. पोहण्याचे सर म्हणजे तलावावर तीस वर्षं मुलांना पोहायला शिकवणारा माणूस. घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढायचं ठरलं. शस्त्रक्रियेला चार दिवस होते. थेरपिस्ट बाईंनी अण्णांना बोलावलं आणि त्या चार दिवसांत दोघांनी मिळून सरांच्या आवाजातली तीनशे ऐंशी वाक्यं भरून घेतली. ॲपमध्ये तेव्हा आवाज घालायची सोयच नव्हती. अण्णांनी ती हाताने झिपमध्ये बसवली आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी चढवली. मूळ फाइली त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर होत्या. तो कंपनीने परत घेतला, तेव्हा त्यांना वाटलं, क्लाउडवर आहेच. ज्या फोनवर वाक्यं भरली होती, तो बाईंचा फोनही केव्हाच बदलला होता.

"का गं?" अण्णांनी विचारलं. "काय झालं?"

"काही नाही. बघतेय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. केंद्राने लेखी तक्रार केली होती.

"दोनशे बारा परत का चढवता येत नाही?" त्यांनी विचारलं.

बारकी रात्रभर वाक्यं जुळवत होती. "माझ्याकडून पुसलं गेलं" हेही त्यांत होतं. पण तोंड उघडलं तेव्हा दुसरंच वाक्य बाहेर आलं.

"ते व्हर्जन आपल्या कोडच्या भांडारात कधी नव्हतंच, मॅडम. हाताने बांधलेलं होतं. त्यामुळे परत तयार करता येत नाही."

शब्दन् शब्द खरा होता. मॅडम अण्णांकडे वळल्या. "हाताने? इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर? कुठे नोंद नाही, प्रत नाही?"

अण्णांनी बारकीकडे पाहिलं. रागाने नव्हे, रस्ता ओलांडताना माणूस समोरच्या गाडीकडे पाहतो, थांबतेय का, तसं. ती वहीवर पेनने चौकोन काढत राहिली.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

केंद्राचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. माफीचं पत्र त्यांनीच स्वतःच्या सहीने पाठवायचं ठरलं. संध्याकाळी ते कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"एकदा नजर टाक. तुझं लिहिणं बरं असतं."

पत्रात लिहिलं होतं, "माझ्या निष्काळजीपणामुळे तुमचं जे गेलं, ते मला भरून देता येणार नाही." बारकीने "निष्काळजीपणा"चा ऱ्हस्व-दीर्घ तपासला. एक स्वल्पविराम घातला, एक शब्द बदलला आणि कागद परत दिला.

"छान झालंय," म्हणाली.

त्या "छान झालंय"ने तिला पुढचे दहा दिवस जगू दिलं नाही. भांडी घासताना आठवायचं, दात घासताना आठवायचं. ऑफिसात अण्णा चहा घ्यायला उठले की ती फोन कानाला लावायची. पलीकडे कुणी नसायचं. चोराच्या मनात चांदणं, तशी गत. क्लाउड सेवा प्रत्येक सेटिंगची नोंद ठेवते: कुणी बदललं, कधी, आधी काय होतं, नंतर काय. तिने ती नोंद तीनदा उघडून पाहिली. तिन्ही वेळा तिथे तिचंच नाव होतं. ती कुणी उघडून पाहिली, हे मात्र तिथे लिहिलं जात नसे. पाहणारं होतंच कोण? पाहायचं काम तिचंच होतं.

रविवारी ती ताईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे गेली. ताई इस्पितळात परिचारिका होती. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. बारकी बादलीतून एकेक कपडा काढून तिच्या हातात देत बोलत राहिली. सगळं सांगितलं, अगदी स्वल्पविरामासकट.

ताईने उशीचा अभ्रा झटकला. "मला कशाला सांगतेस?"

"मग कुणाला सांगू?"

"मी काय म्हणावं असं तुला वाटतंय? जाऊ दे, होतं असं कधी कधी, असं? तेवढ्यासाठी आलीस ना?"

 ताईने चिमटे लावले.

"आमच्याकडे चुकीचं औषध दिलं गेलं तर आधी पेशंटकडे पळतात, गं. मोठ्या डॉक्टरांकडे नंतर. चल, ती चादर दे."

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बारकी केंद्रावर गेली. पहिल्या मजल्यावर लांबट खोली, भिंतीला आरसे, प्लास्टिकच्या खुर्च्या. थेरपिस्ट बाईंनी बोट दाखवलं, तिथे कोपऱ्यात सर बसले होते: रुंद खांद्यांचा, साठीपुढचा माणूस, गळ्याशी जाळीचा पांढरा रुमाल, मांडीवर टॅब्लेट. शेजारी त्यांची बायको स्वेटर विणत होती. बारकीने आपण कंपनीतून आल्याचं सांगितलं. बायकोने खुर्ची दाखवली.

"अण्णांचं पत्र आलं," ती म्हणाली. "भला माणूस. त्या वेळी चार दिवस आमच्या घरीच होता. आमचे हे एकेक वाक्य बोलायचे, मध्येच हुंदका यायचा, मग अण्णा म्हणायचे, राहू द्या, हेही राहू द्या. त्या भल्या माणसावर आम्ही रागवायचं कसं? पण पत्र वाचून ह्यांनी दोन दिवस टॅब्लेटला हात लावला नाही."

"मशीनचा आवाज..." बारकीने सुरुवात केली.

"मशीन बोलतं की व्यवस्थित. माझ्याहून शुद्ध बोलतं." तिने टाके मोजले. "ह्यांचं हाक मारायचं एक नाव आहे, माझं. लग्नापासूनचं. दुसरं कुणी त्या नावाने हाक मारत नाही. ते भरलं होतं त्यात. रोज सकाळी दाबायचे. मशीन ते नाव घेतं तेव्हा असं वाटतं, कुणी परकाच दारात उभा राहून मला हाक मारतोय."

 बारकी एका दमात बोलली, कारण थांबली असती तर पुन्हा एखादं खरं-खरं, सोयीचं वाक्य निघालं असतं.

"अण्णांची चूक नव्हती. जुनी व्हर्जनं पुसायचं सेटिंग मी लावलं. झिप ठेवायची सोय होती, अण्णांनी ठेव म्हटलंही होतं. मी त्यांची टिंगल केली आणि पुसा म्हणून खूण केली. नंतर तुमच्या केंद्रावर नवं व्हर्जन मीच चढवलं. मीटिंगमध्ये त्यांच्यावर ढकललं. ते पत्रसुद्धा मी तपासून दिलं."

विणायच्या सुया थांबल्या. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि टॅब्लेट जवळ ओढला. त्यांचं बोट जाड होतं. एकेक अक्षर शोधून दाबत होते. बारकी आपल्या चपलांच्या पट्ट्यांकडे पाहत बसली. शेवटी टॅब्लेट त्या गुळगुळीत, कुणाच्याच नसलेल्या आवाजात बोलला:

"अण्णांना सांगितलं का?"

"नाही," ती म्हणाली.

पुन्हा बोट फिरलं.

"मग इथे आधी का आलात? आम्ही अनोळखी, म्हणून सोपं वाटलं?"

 धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. ते अगदी खरं होतं, आणि ते तिला स्वतःला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.  बायकोने खाली वाकून घरंगळलेला लोकरीचा गुंडा उचलला आणि ती पुन्हा विणू लागली. बारकी उठली, नमस्कार केला. तो कुणी घेतला की नाही, हे तिने पाहिलं नाही.

तिथून ती सरळ ऑफिसला गेली. दुपारचे तीन वाजले होते. अण्णा जागेवर होते. तिने मॅडमनाही बाहेर बोलावलं आणि टेबलांच्या मधोमध उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. छत्र्यांच्या विनोदावर हसलेले सगळे आपापल्या जागी बसलेले होते.   मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि "आत या" एवढंच म्हणाल्या. आत गेल्यावर तिचा सर्व्हरवर व्हर्जन चढवायचा अधिकार काढून घेतला गेला आणि केंद्राचं काम अण्णांकडे परत आलं. नोकरी राहिली. ती गेली असती तर कदाचित हलकं वाटलं असतं.

संध्याकाळी बाकीचे गेल्यावर ती अण्णांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"अण्णा, मी..."

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "नोंद मी त्याच दिवशी पाहिली होती. फोन आला त्या दुपारी."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

अण्णांनी कीबोर्डवरची धूळ अंगठ्याने पुसली. "वाटलं, तू सांगशील. मीटिंगमध्ये वाटलं. पत्र घेऊन आलो तेव्हाही वाटलं. म्हणूनच आणलं होतं तुझ्याकडे. पुढेही तीनचार दिवस वाटत होतं. मग वाटायचं थांबलं."

आरडाओरडा केला असता, तर तिला बरं वाटलं असतं. पण ते नेहमीच्याच आवाजात बोलत होते, जसे अकरा वर्षांपूर्वी तिच्या ओळीतली चूक दाखवत.

"आणि प्रत मी ठेवली नव्हती, हेही खोटं नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं म्हणालो, ते काही तुला वाचवायला म्हणालो नाही. आता रडत बसू नकोस. त्या माणसाने तीस वर्षं तलावावर आरडाओरडा केलाय. कडेला बसून आईबाप व्हिडिओ काढतातच की. माग काढू."

मग तीन आठवडे त्यांनी माग काढला. बारकीने तलावाच्या जुन्या नोंदींवरून शिष्यांना फोन केले. कुणी आता दाढीवाला इंजिनिअर होता, कुणी दोन मुलांची आई. प्रत्येक वेळी समोरचा विचारायचा, "आवाज गेला कसा पण?" आणि प्रत्येक वेळी ती सांगायची, "माझ्या चुकीने पुसला गेला." शंभरावर वेळा सांगितलं असेल. सवयीने सोपं होईल असं तिला वाटलं होतं, झालं नाही.

एकशे सहा व्हिडिओ आले. पाण्याचा खळखळाट, शिट्ट्या, पोरांच्या किंचाळ्या, आणि त्यांत कुठेतरी सर. अण्णा कान देऊन ऐकत आणि जागा सांगत, ती आवाज कापून स्वच्छ करी. हाती लागली त्रेपन्न वाक्यं. जवळजवळ सगळी ओरडून म्हटलेली. "पाय मार, पाय!" "श्वास घे, घाई नाही!" "घाबरतोस काय, मी आहे ना?" एका बक्षीस समारंभातलं शांतपणे म्हटलेलं "थँक यू, बसा बसा" तेवढं वेगळं होतं. कुठे "भूक लागली" नव्हतं, "पाठ दुखतेय" नव्हतं. बायकोचं ते नाव तर तलावावर कशाला घेतलं असेल?

या वेळी आवाज कोडच्या भांडारात गेले, दुसरी प्रत वेगळ्या साठवणीत, तिसरी पेनड्राइव्हवर सरांच्या घरासाठी. लाइफसायकलच्या पानावर अण्णांनी "राहू द्या"ची खूण परत केली. बारकी मागे उभी राहून पाहत होती. तिला आता ते पान उघडता येत नव्हतं.

व्हर्जन चढलं त्या दिवशी दोघं केंद्रावर गेली. सरांनी यादी वरून खाली पाहिली आणि एक वाक्य दाबलं.

"कडेला कोण बसलंय? उतरा पाण्यात!"

खोलीभर आवाज घुमला. आरशासमोर ओठांचे व्यायाम करणाऱ्या एक बाई दचकून उठूनच उभ्या राहिल्या. सरांचे खांदे हलायला लागले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईतो ते हसले. मग पुन्हा तेच दाबलं. बायकोने विणकाम बाजूला ठेवून तोंडाला पदर लावला. तिनेही यादी पाहिली, पुन्हा पाहिली, शेवटपर्यंत. जे शोधत होती ते नव्हतं, आणि नसणार हे तिला ठाऊक होतं. तिने टॅब्लेट हळूच सरांच्या मांडीवर परत ठेवला.

निघताना ती दारापर्यंत आली. अण्णांच्या हातात तिने घरून आणलेला डबा दिला आणि गुडघेदुखीची चौकशी केली. मग बारकीकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुम्ही मेहनत घेतलीत, दिसतंय ते," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी काही काम निघालं, तर अण्णांनाच पाठवा."

"हो," बारकी म्हणाली. "त्यांनाच पाठवू."

बारकी खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला अण्णांची वाट पाहत उभी राहिली. जिना उतरताना त्यांना वेळ लागत होता. हात द्यायला वर जावं, असं तिच्या मनात आलं, पण ते घेतील की नाही याची खात्री नव्हती. ती तिथेच उभी राहिली.